वाळवीचा बंदोबस्त

गृहस्थाश्रमी मनुष्याचे शत्रू किती, याचा हिशेब शास्त्रकारांनी षड्रिपूंवर आणून थांबवला आहे. परंतु हे शास्त्रकार बहुतेक पर्णकुटीत राहणारे होते, आणि मोडलेल्या पर्णकुटीच्या जागी दुसरी उभारणे हे बँकेचे कर्ज काढून बांधलेल्या बंगल्याची एक चौकट बदलण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडत असल्यामुळे, सातव्या रिपूची नोंद त्यांच्या दप्तरात व्हायची राहून गेली असावी. हा सातवा रिपू म्हणजे वाळवी. काम, क्रोध, लोभ ही मंडळी घरात शिरतात ती निदान गाजावाजा करून आणि मालकाची थोडीफार संमती घेऊन. वाळवी मात्र दार वाजवीत नाही, दारच खाते. तेही अशा अदबीने की वरचा रंग, पॉलिश, कडीकोयंडा आणि 'सुस्वागतम्' ही अक्षरे जागच्या जागी शाबूत राहतात, आणि एके दिवशी पाहुण्याने सहज टेकवलेले बोट थेट चौकटीच्या आत जाते. बाह्य डौल यत्किंचितही ढळू न देता आतील ऐवज संपूर्ण नाहीसा करण्याची ही विद्या आमच्याकडील काही पतसंस्थांनीही पुढे आत्मसात केली. परंतु त्यांची निदान चौकशी तरी होते.

नाशिक हे गाव द्राक्षांसाठी, चिवड्यासाठी आणि बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थासाठी प्रसिद्ध आहे खरे. पण वाळवीच्या जातीत कोणी गॅझेटिअर लिहिले असेल तर त्यात या शहराचे वर्णन अगदी निराळे आढळेल. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, १९२५ पासून टपालाची तिकिटे आणि मुद्रांकाचे कागद छापणारा नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस, त्याच परिसरात १९२८ पासून चालू असलेला नोटांचा छापखाना, कचेऱ्यांतील लाल रुमालांत बांधलेली दप्तरे, रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आणि जुन्या नाशकातले सागवानी वाडे, इतका कागद नि इतके लाकूड एका ठिकाणी, आणि या सर्वांच्या खाली पावसाळ्यातली ओल जपून ठेवणारी काळी माती! पंचवटीत वनवासाला आलेल्यांना या क्षेत्राचे माहात्म्य जितके जाणवले असेल त्याहून वाळवीला ते कमी जाणवण्याचे कारण नाही. शिवाय खाद्याविषयी तिच्या मनात आपपरभाव मुळीच नाही. २०११ साली उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत ठेवलेल्या सुमारे १ कोटी रुपयांच्या नोटा तिने खाऊन टाकल्याचे उघडकीस आले होते. राष्ट्राच्या चलनातून एवढी रक्कम इतक्या शांतपणे, कोणाचीही सही न घेता आणि चौथ्या प्रतीत अर्ज न करता बाहेर काढणे हे खुद्द अर्थखात्यालाही आजवर साधलेले नाही.

आमच्या पूर्वजांना हा धोका ठाऊक होता. जुन्या वाड्यात शिरून चौकातल्या खांबाच्या पायाशी पाहिले, तर सागवानी खांब जमिनीला कोठेही टेकलेला दिसत नाही. त्याच्या नि जमिनीच्या मध्ये घडीव दगडाचा तळखडा बसवलेला असतो, आणि वर चढायचे असल्यास वाळवीला त्या उघड्या दगडावरून मातीची नळी बांधीत, सर्वांच्या देखत यावे लागते. त्यातून लाकूड सागाच्या गाभ्याचे, जे तिला मुळात रुचत नाही. पुढे वाडे गेले, बंगले आले. तळखडा गेला, स्कर्टिंग आले. सागाचा गाभा गेला आणि त्याच्या जागी प्लायवूड, फ्लश डोअर व सनमायकाखाली दडवलेला लाकडाचा भुसा आला. वाळवीच्या दृष्टीने ही प्रगती वाखाणण्याजोगी होती. सरकारने या बाबतीत ६३१३ क्रमांकाचे भारतीय मानक करून ठेवले आहे. त्याच्या पहिल्या भागात बांधणी कशी करावी हे सांगितले आहे, दुसऱ्या भागात पाया भरतानाच मातीत औषध कसे मुरवावे हे सांगितले आहे, आणि तिसऱ्या भागात बांधून झालेल्या इमारतीवर उपचार कसे करावेत हे सांगितले आहे. पहिले दोन भाग ठेकेदारांसाठी असल्यामुळे ते अद्याप कोऱ्या अवस्थेत आहेत. तिसरा भाग मात्र घरमालकाचा असल्यामुळे त्याला तो तोंडपाठ करावा लागतो.

शत्रूशी युद्ध मांडण्यापूर्वी त्याचे कुलशील जाणून घ्यावे असे राजनीती सांगते. साहेबलोक वाळवीला पांढरी मुंगी म्हणत. पण मुंगीचा आणि हिचा काडीचाही संबंध नाही, किंबहुना त्यांचे हाडवैर आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने वाळवीची स्वतंत्र जहागीर खालसा करून तिला झुरळांच्या गणात सामील केले. म्हणजे रात्री दिवा लावताच ओट्यावरून पळणारे आणि दिवाणखान्याची चौकट खाणारे हे दोन्ही एकाच भाऊबंदकीतले. फक्त यांनी, इतर भाऊबंदांप्रमाणे कोर्टात न जाता, आपल्या घराची वाटणी सामोपचाराने करून घेतली आहे. वाळवीच्या राज्यात एक राणी असते, जी अनेक जातींत दिवसाला हजारो अंडी घालते. आणि एक राजा असतो, जो आयुष्यभर तिच्याशेजारी बसून राहतो व ज्याच्याकडे दुसरे कोणतेही खाते असल्याचे आढळत नाही. ही माहिती आम्ही घरात मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा आमच्या कुटुंबाने "त्यात नवीन काय?" एवढेच विचारले. बाकीची प्रजा म्हणजे कामकरी आणि सैनिक. कामकरी आंधळे, मऊ कातडीचे, उजेड आणि कोरडी हवा या दोहोंना भिणारे, म्हणून जातील तेथे मातीचा बोगदा बांधीत जाणारे. आणि सैनिक मोठ्या डोक्याचे नि मोठ्या जबड्याचे, पण ते जबडे इतके लढाऊ की त्यांनी स्वतःचा घास स्वतः खाता येत नाही, तो कामकऱ्याने भरवावा लागतो.

या प्राण्याकडे आपली परंपरा नेहमी दोन मनांनी पाहत आली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्याचा शोध सांगताना वारुळाला साक्षीदाराचा दर्जा दिला आहे. जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिण अंगास दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागते असे तो निःशंकपणे सांगतो. आमच्या वसाहतीत बोअर घेताना नारळ हातात घेऊन फिरणाऱ्या गृहस्थाला जी दक्षिणा दिली गेली, तिचा आणि नंतर लागलेल्या कोरड्या मुरुमाचा विचार करता, वाळवीचा सल्ला विनामूल्य होता हे लक्षात घेण्याजोगे आहे. नागपंचमीला आपण त्याच वारुळाला हळदकुंकू वाहतो आणि त्यात राहणाऱ्या नागाला नैवेद्य दाखवतो; ज्यांनी कण कण माती वाहून ते घर उभे केले त्यांच्या वाट्याला मात्र लाही नाही की फुटाणा नाही. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण वाळवीने रचली असती तर तिच्यात थोडा अधिक कडवटपणा आला असता.

औषधोपचारांचा इतिहास हा निराळाच विषय आहे. एके काळी चौकटीच्या पायाला डांबर फासणे, भोकांत रॉकेल ओतणे, पुस्तके बांधताना खळीत मोरचूद घालणे आणि कपाटाच्या कोपऱ्यांत गॅमेक्सिनची पूड भुरभुरणे एवढ्यावर भागत असे. त्याने वाळवी जाई की नाही हा प्रश्न अलाहिदा, पण पाहुणे नक्की जात. त्यानंतर ड्रिलचे युग आले. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यावर दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचे एक याप्रमाणे घरभर भोके पाडायची, त्यांत औषध सोडायचे आणि वरून पांढरे सिमेंट लिंपायचे, असा हा विधी असतो. तो चालू असताना घरातील सर्व सामान खोलीच्या मध्यभागी एकावर एक रचलेले असते, घरातील सर्व माणसे नात्यातल्या नात्यात वाटून दिलेली असतात, आणि वास इतका दरवळतो की 'काय, औषध मारलंत वाटतं?' हे वाक्य पुढे पंधरवडाभर कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा म्हणतो. हा उपाय गुणकारी आहे यात शंका नाही. पण तो तटबंदीचा उपाय आहे. वाळवी तटाबाहेर थांबते, तिचे राज्य जमिनीखाली अबाधित चालू राहते, आणि तटाला कोठे चीर पडते याची ती वाट पाहत राहते. वाट पाहण्याच्या कामी तिचा हात धरणारा प्राणी पृथ्वीवर नाही.

याच्या उलट राजनीतीवर आधारलेली युक्ती म्हणजे आमिषाच्या चौक्या. फ्लोरिडा विद्यापीठातील नान-याओ सू या कीटकशास्त्रज्ञाच्या संशोधनातून निघालेली ही योजना १९९५ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली. तिचे तत्त्व चाणक्याला आवडले असते. घराभोवती, भिंतीपासून थोडे अंतर सोडून, साधारण दर ३ मीटरला जमिनीत एकेक जाळीदार नळकांडे पुरायचे. त्यात मऊ लाकडाच्या पट्ट्या ठेवायच्या. आणि वाळवी त्या लाकडाला लागली म्हणजे लाकूड काढून त्या जागी औषधी आमिष भरायचे. हे औषध खाणाऱ्याला तत्काळ मारीत नाही. वाळवीला वाढताना कात टाकावी लागते, आणि नवी कात ज्या कायटिनची बनते ते तयार होणेच हे औषध बंद पाडते. कामकरी ते खातो, वसाहतीत जातो, तोंडातोंडाने इतरांना भरवतो, आणि कात टाकण्याची वेळ आली की बिचारा जुन्या अंगरख्यातच अडकून मरतो. विष लगेच चढले असते तर त्या जागेचा संशय आला असता; येथे जेवण आणि मरण यांच्यामध्ये इतके अंतर राहते की कोणाचा कोणावर संशयच जात नाही. ही युक्ती सर्व जातींवर सारखी चालत नाही, आणि वारुळात बुरशीची शेती पिकवून खाणाऱ्या बागेतल्या वाळव्यांच्या बाबतीत तिचा अनुभव संमिश्र आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण घर पोखरणाऱ्या भूमिगत जातींवर ती चालते, आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या वसाहतीने ती स्वीकारली.

स्थापनेचा दिवस मोठा मंगल होता. कंपनीचा मुलगा सकाळी येणार म्हणून दुपारी आला. त्याने बंगल्याभोवती सुतळी धरून खुणा केल्या, मातीत गिरमिट फिरवले आणि हिरव्या झाकणांच्या चौक्या एकामागून एक पुरल्या. शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे जमिनीत कोणी काही पुरत असेल तर तेथे उपस्थित राहणे हा ते आपला हक्क समजतात, त्यांनी प्रत्येक खड्ड्याची खोली छत्रीने मोजली आणि "लेव्हल बघ रे, लेव्हल!" असे त्या मुलाला बजावले. कुटुंबाने ईशान्येच्या चौकीवर हळदकुंकू वाहिले, कारण ईशान्येला काहीही पुरले तरी ते वाहावेच लागते. पेढे वाटले गेले. शेवटी त्या मुलाने झाकण उघडण्याची एक विवक्षित किल्ली, नकाशा आणि तपासणीचा तक्ता आमच्या स्वाधीन केला व म्हणाला, "काका, आता फक्त मेंटेनन्स." हे वाक्य त्याने असे उच्चारले की मुख्य काम उरकले असून उरले ते केवळ आभारप्रदर्शन, असा सर्वांचा समज झाला.

वस्तुतः बसवणे हे या योजनेत कामच नव्हे. सगळे काम देखभालीत आहे. चौकी म्हणजे औषध नव्हे, चौकी म्हणजे नुसती विचारपूस करण्याची जागा. तिचे झाकण ठरल्या मुदतीत कोणी उघडून पाहिले नाही तर आपण वाळवीसाठी घराभोवती चांगल्या प्रतीच्या लाकडाचे सदावर्त घातले आहे, एवढाच त्या खर्चाचा अर्थ उरतो. आणि उघडून पाहणे हे लिहिण्याइतके सोपे नाही. वैशाखात आमची काळी माती अशी फाटते की चौकीभोवती हात जाईल एवढी भेग पडते आणि वाळवीला तिच्यापर्यंत यायला जमीनच उरत नाही. आषाढात तीच माती फुगून चौकीला अशी वर उचलते की तिला शेजाऱ्यांच्या कुत्र्याची ठेच लागते. पाऊस जास्त झाला की आत पाणी भरते. पाणी उतरले की गोगलगाई येतात. गोगलगाई गेल्या की मुंग्या येतात, आणि मुंग्यांनी ठाणे केले की वाळवी तेथे फिरकत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्यांचे पिढीजात वैर आहे. म्हणजे घरमालकाला मुंग्यांना समजावून बाहेर काढावे लागते, तेही औषध न फवारता, कारण फवारलेल्या औषधाच्या वासाने पुन्हा वाळवी बिथरते. घराला वाळवी लागू नये म्हणून वाळवीला कोणी त्रास देऊ नये याची खबरदारी घेण्याचा हा प्रसंग वेदान्ताच्या अभ्यासकांनी अवश्य अनुभवावा.

त्यात माणसांची भर पडते. माळीदादांच्या मते जमिनीतून वर आलेली प्रत्येक वस्तू एकतर रोप असते किंवा तण; हिरव्या झाकणाला पाने नसल्यामुळे त्यांनी एक चौकी तण म्हणून उपटली आणि "ताई, हे काय तरी प्लास्टिक उगवलं होतं" असे सांगून पायरीवर ठेवली. वसाहतीतल्या मुलांनी दोन चौक्यांमधले अंतर गोलंदाजीला सोयीचे असल्याचे शोधून काढले. आमच्या कुटुंबाने गोकर्णाची वेल नेमकी पश्चिमेच्या चौकीवर चढवली, आणि झाकण उघडायचे म्हटले की "अहो, कळ्या आल्यात, आठ दिवस थांबा ना" असे उत्तर येऊ लागले. तपासणीच्या तक्त्यात पश्चिमेच्या रकान्यापुढे 'कळ्या' असा शेरा कंपनीच्या इतिहासात प्रथमच लिहिला गेला असावा.

परंतु या साऱ्याहून अवघड अवस्था म्हणजे वाळवी न येण्याची. मनुष्यस्वभाव असा चमत्कारिक आहे की आमंत्रण एकदा गेले की पाहुणा नकोसा असला तरी त्याचे न येणे अंगाला लागते. झाकण उघडावे, पट्ट्या जशा ठेवल्या तशा कोऱ्या करकरीत दिसाव्यात, आणि मनात 'आपल्या घरात खाण्याजोगे काहीच नाही की काय' असा विचार डोकवावा, ही मानहानी सोसवत नाही. काकांच्या बंगल्याभोवतीही त्याच सुमारास चौक्या बसल्या होत्या, आणि एके दिवशी सकाळी कुंपणावरून ते मोठ्या गंभीर आवाजात म्हणाले, "आमच्याकडे आली बुवा." आम्ही अभिनंदन केले. त्यांनी ते विनयाने स्वीकारले, आणि "तुमच्याकडे?" असे अशा स्वरात विचारले की ज्या स्वरात पूर्वी मॅट्रिकचा निकाल विचारीत. वाळवी सापडणे ही जिथे काल नाचक्कीची गोष्ट होती तिथे आज ती प्रतिष्ठेची झाली. रोज संध्याकाळी फिरायला निघालेल्या गृहस्थांच्या घोळक्यात 'आली' आणि 'अजून नाही' असे दोन वर्ग पडले, आणि दुसऱ्या वर्गातल्यांनी 'आमचं बांधकामच पक्कं आहे' असे म्हणण्यास प्रारंभ केला, ज्यावर पहिल्या वर्गातल्यांनी नुसते स्मित केले.

यथाकाल ती आमच्याकडेही आली. झाकण फिरवले तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला ओल्या मातीचा पातळ लेप चढलेला दिसला. लेप काडीने किंचित उकरताच खाली दुधाळ रंगाची, तांदळाच्या कणीएवढी शरीरे एकमेकांच्या अंगावरून अत्यंत घाईने, पण कोणालाही न तुडवता, अंधाराकडे वळत होती. पट्टीवर लाकडाचा मऊ भाग खाऊन टणक रेषा तेवढ्या उभ्या ठेवल्या होत्या. आणि भोकाच्या तोंडाशी पिवळसर डोक्याचे चारदोन सैनिक जबडे वासून, आंधळेपणानेच, आमच्यावर रोखून उभे राहिले होते. कंपनीच्या मुलाने ओठांवर बोट ठेवले. "जास्त हलवू नका काका, नाहीतर सोडून जातील." पाचही माणसे त्या खड्ड्याभोवती श्वास रोखून उभी राहिली, आमिषाची पुडी अलगद आत गेली, झाकण लागले, आणि कुटुंबाने हलक्या आवाजात विचारले, "खातील ना हो?" ज्या प्राण्याने आमच्या माजघराची चौकट निकालात काढली, त्याच्या भुकेची अशी काळजी आमच्या घरात पूर्वी कोणी वाहिली नव्हती.

पुढची पायरी म्हणजे काही न करणे. आमिष खाऊन संपत आले की नवे भरायचे आणि आठवड्यांमागून आठवडे थांबायचे. मग हळूहळू चौकीतल्या कामकऱ्यांची संख्या रोडावते. उरलेले फिकट आणि मंद होतात. आणि सैनिकांचे प्रमाण वाढलेले दिसते. म्हणजे सैन्यभरती होते असे नव्हे; राबणारे मरतात, म्हणून बंदुकवाले अधिक दिसू लागतात. भरवणाराच उरला नाही की हे जबडेबहाद्दरही अन्नापाण्यावाचून संपतात, आणि खजिन्यात दाणा नसताना फौजेवर उभ्या असलेल्या राज्यांची जी गत बखरींत वाचावयास मिळते तीच गोकर्णाच्या वेलीखाली पाहावयास मिळते. एके दिवशी झाकण उघडले की आत अर्धवट खाल्लेले आमिष आणि कोरडी माती एवढेच असते.

अशा वेळी स्वाभाविकपणे घरमालकाला विजयोत्सव करावासा वाटतो, आणि नेमके तेव्हाच कंपनीचा मुलगा सांगतो की चौक्या काढायच्या नाहीत, त्यांत पुन्हा कोऱ्या लाकडाच्या पट्ट्या घालायच्या, आणि तपासणी पूर्वीप्रमाणे चालू ठेवायची. एक वसाहत संपली म्हणजे तिच्या शेजारची दुसरी ती मोकळी जमीन धरते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती पंख गाळणारे ते किडे म्हणजे नव्या संस्थानांचे राजेराण्याच असतात. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. आमच्या वसाहतीत चौक्या सर्वांनी बसवल्या. पण त्यांतल्या अनेक चौक्यांची झाकणे आता गवताखाली गेली आहेत, किल्ल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अनोळखी होऊन लटकत आहेत, आणि वार्षिक देखभालीच्या कराराचे स्मरणपत्र आले की 'आता कशाला, गेली ना वाळवी?' असा सर्वसंमत ठराव होतो.

आमच्या मते रोगाचे मूळ येथे आहे. प्रतिष्ठापनेत आमचा हात कोणी धरणार नाही. मुहूर्त, मांडव, श्रीफळ, भाषण, फीत, पेढे, सारे यथासांग होते. देखभालीला मुहूर्त नसतो, तिला प्रमुख पाहुणा मिळत नाही, आणि 'आज झाकण उघडले, आत काही नव्हते' या वार्तेला कोणतेही वृत्तपत्र स्थान देत नाही. वाळवीचे सामर्थ्य तिच्या जबड्यात नाही. ते आमच्या या दिरंगाईत आहे. तिला लागते ती फक्त कोणी न हलवलेली, न उघडलेली, न विचारलेली जागा. याचा पुरावा नाशकातच आहे. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या अजून आहेत, आणि त्या टिकल्या त्या कुठल्याही औषधाने नव्हे. गावोगावचे यजमान येतात, वही उघडली जाते, पणजोबांच्या हस्ताक्षराखाली पणतवाचे नाव चढते, धूळ झटकली जाते, कागद फारच जीर्ण झाला तर नवी नक्कल होते. यजमान येत राहतात तोवर वही उघडत राहते, आणि उघडत राहणाऱ्या वहीत संसार थाटणे वाळवीला परवडत नाही. आमच्या सर्व योजनांच्या, धरणांच्या, उद्यानांच्या आणि सभागृहांच्या फायलींना असे एखादे श्राद्ध लावून देता आले असते, तर निदान वर्षातून एकदा तरी कोणी त्या सोडल्या असत्या.

तूर्त महापालिकेने एवढे करावे अशी आमची विनंती आहे, की शहरात जेथे जेथे कोनशिला बसेल तेथे उद्घाटनाच्या तारखेखाली पुढील तपासणीची तारीखही कोरावी. जागा पुरत नसेल तर उपस्थित मान्यवरांची नावे थोडी कमी करावीत. हे होणार नाही याची आम्हास कल्पना आहे, कारण उद्घाटनाची नोंद आम्ही दगडावर करतो आणि देखभालीची कागदावर. वाळवीने यांपैकी काय खावे हे तिने ठरवलेले नसून आम्हीच ठरवून दिलेले आहे.